मऊ लव हवेची की रक्ताची

आबा,

तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली आणि आज मी तुम्हाला शेळ्यांबद्दल लिहायला बसले आहे. तुम्ही हसाल. पण जो प्रश्न तुम्ही सुटला म्हणून सोडून दिलात, तो सुटलाच नव्हता, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

बदली झालेल्या साहेबाने जाताना तुम्हाला उत्तरेच्या डोंगरातली, शालीच्या लोकरीची शेळी दिली होती. तिच्याबरोबर आलेला बोकड ठाण्याच्या उकाड्याने मेला, म्हणून तुम्ही तिला इथल्याच बोकडाकडे नेलंत. मास्तरकी संपल्यावर शेळ्या वळणार का, असं नौपाड्यातले लोक विचारायचे. तुम्ही त्यांनाच थांबवून शेळी दाखवायचात. तिला दोन करडं झाली, एक पांढरं, एक तांबूस. लांब केसांखालची ती मऊ लव थंड हवेने येते की रक्तातून, एवढंच तुम्हाला जाणून घ्यायचं होतं. दोन्ही करडं राठ निघाली तर उकाड्याने लव मारली. एकाची जरी आईसारखी निघाली, तर ती रक्तातली. फाल्गुनात लव सुटायला लागते. त्या फाल्गुनात मी चार दिवस माहेरी आलेय, मला तिसरा महिना आहे, आणि तुम्ही दोन्ही करडांची लव विंचरून वेगवेगळी भरायला माझ्या हातात फणी आणि कागदाच्या दोन पुड्या देता. संध्याकाळी तुम्ही दोन्ही पुड्या उघडल्यात, चिमटीत धरून कितीतरी वेळ चोळून पाहिल्यात. दोन्ही राठ. तुमचा चेहरा उतरला. "म्हणजे हवाच. रक्ताचं काही चालत नाही," एवढंच म्हणालात. आठवड्याच्या आत तिन्ही जनावरं कोपरीच्या मिठागरावरच्या आगऱ्याला देऊन टाकलीत आणि पुन्हा शेळीचं नाव काढलं नाहीत.

गेल्या महिन्यात त्याच्याकडे मीठ आणायला गेले होते. आता म्हातारा झालाय. त्याने एक करडू माझ्या मांडीवर ठेवलं. वरच्या केसांत बोट घातलं तर आत लोण्यासारखी लव. त्याच्याच पाठचं भावंड मात्र साफ राठ. आईची अशी आहे का, मी विचारलं.

"नाय गं बाय, आयशीचं नाय. आजीचं हाय. तुमची ती तांबडी होती ना, जिची ही सगळी पिलावळ, तिची पण अशीच होती."

तेच ऊन, तोच पाला, आणि एका पोटची दोन अशी. मग मधल्या पिढीत ती लव कुठे दडून बसते, आबा? तुम्ही असतात तर त्याच्या अंगणातून हलला नसतात; कोणाला कोणापासून काय झालं ते विचारून विचारून म्हाताऱ्याला भंडावून सोडलं असतंत.

हे पत्र टपालात पडायचं नाही, म्हणूनच पुढचं लिहिता येतंय. पांढऱ्याला मी नीट विंचरलं होतं. तांबड्याच्या वासाने मला उमासे यायला लागले, तेव्हा त्याच्या पाठीवरचे वरवरचे केस कात्रीने कापून मी पुडीत भरले. खरं सांगितलं असतं तरी तुम्ही रागावला नसतात, हे मला तेव्हाही माहीत होतं. तुम्ही फणी पुन्हा माझ्या हातात दिली असतीत, आणि मला तेवढंच नको होतं.