पुढची खोली मुलाला न देण्याबाबत

मी, खाली सही करणारी, टेलिफोन कार्यालयातून निवृत्त झालेली ऑपरेटर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. माझे डोके ठिकाणावर आहे आणि शेजारी बसलेल्या डॉक्टरांनी त्याची खात्री करून घेतली आहे. मी कमी बोलते. त्यामुळे जे आजवर बोलले नाही, ते इथे येईल.

माझे यजमान या वर्षी वारले. ते शिंपी होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. राहते घर त्यांनी लिहून दिल्याप्रमाणे आता माझे एकटीचे आहे.

१. शिवणयंत्र, मोठी कात्री, इस्त्री आणि कापायचे टेबल हे मास्तरांचे भागीदार काजवाले यांना द्यावे. दुकान पूर्वी आमच्या पुढच्या खोलीत होते. मुलाला लहानपणी दमा निघाला आणि डॉक्टर म्हणाले की घरात कापडाचा भुगा नको. मास्तरांनी लगेच यंत्र उचलून बाजाराच्या टोकाच्या पत्र्याच्या गाळ्यात नेले. तिथे उन्हाळ्यात इस्त्री पेटवावी लागत नाही, असे काजवाले सांगत. मास्तरांनी कधी तक्रार केली नाही.

२. घट्ट विणीच्या कापडाच्या, चेन लावलेल्या उशा-गाद्यांच्या खोळी माझ्या नातीला, टिकलीला. त्या मास्तरांनी मुलासाठी शिवल्या होत्या. गादीतली धूळ नाकात जाऊ नये म्हणून. अजून उसवलेल्या नाहीत. गरम पाण्यात धुवाव्यात.

३. आता मुलाबद्दल.

त्याला आम्ही काचेच्या भांड्यासारखे जपले नाही. दम्याच्या औषधाचा रोजचा पंप बरे वाटत असले तरी घ्यायचा, मग चूळ भरायची, अचानक धाप लागली तर म्हणून निळा पंप दप्तरात ठेवायचा, एवढे त्याला शिकवले. पंपाचे औषध नीट छातीत जावे म्हणून त्याला लावायचा स्पेसर बाजारात मिळेना, तेव्हा डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे मास्तरांनी प्लास्टिकच्या बाटलीला भोक पाडून तो बनवला. शाळेत जाऊन मी खेळाच्या सरांना म्हणाले, "त्याला बाजूला बसवू नका. आधी थोडं अंग गरम करू द्या, मग पळवा." तो पळाला, पोहला, सहलींना गेला. हे उपकार म्हणून सांगत नाही. आईबाप करतातच.

मोठा झाल्यावर त्याने श्वासाचे वर्ग काढले. श्वासाचे व्यायाम वाईट नाहीत, डॉक्टरही ते करायला सांगतात. पण पंप फेकून द्या, असे डॉक्टर सांगत नाहीत. मुलगा सांगतो. त्याने चौकात मोठा फलक लावला. त्यावर त्याचा लहानपणीचा फोटो होता, मास्तरांच्या मांडीवर बसून बाटलीतून पंप घेतानाचा. मास्तरांना कापून टाकले होते. बाटली धरलेला हात तेवढा राहिला होता.

काजवाले फलकाखाली उभे राहून म्हणाले, "मास्तर, जन्मभर तुम्ही लोकांचं कापड वाचवलंत. पोरानं तुमचंच कातरण केलं की हो!"

मास्तर हसले. घरी येऊन जेवले नाहीत.

वर्गाच्या उद्घाटनाला आम्ही दोघे गेलो होतो. मुलगा माइकवर म्हणाला, "आईवडिलांनी मला औषधांच्या हवाली केलं होतं. मी स्वतःच्या बळावर सुटलो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी आम्हाला विचारले, "तुमचं कोण आहे वर्गात?" मास्तर म्हणाले, "कोणी नाही."

यजमान गेल्यावर मुलगा काही दिवस इथे राहायला आला होता. एके सकाळी मी न्हाणीघराबाहेर टॉवेल घेऊन उभी होते. आत पंप हलवल्याचा आवाज आला, मग दाबल्याचा, मग श्वास रोखल्याची शांतता. मी जन्मभर कानावर पोट भरले आहे. या आवाजात माझी चूक होणार नाही.

तो बाहेर आला तेव्हा मी विचारले, "तुझा चालू आहे?"

"आई, हळू बोल."

"आणि टिकलीचा बंद केलास?"

"ती लहान आहे, तिला सवय लागेल. आणि उद्या वर्गातल्या लोकांनी पाहिलं तर मी काय सांगू?"

टिकलीला दमा आहे. ती आता मैदानाच्या कडेला बसते. मला म्हणाली, "आजी, मला पळायला आवडतच नाही." जिना चढून आल्यावर हे वाक्य तिला एका दमात म्हणता आले नाही.

मला दुःख मास्तरांना कापल्याचे आहेच. पण आम्ही जे त्याच्या हाती दिले, ते तो स्वतःसाठी ठेवून घेतो आणि पोटच्या पोरीला नाकारतो, हे माझ्या घशाखाली उतरत नाही.

४. म्हणून, वर्गासाठी मुलाने मागितलेली पुढची खोली त्याला मिळणार नाही. संपूर्ण घर आणि माझी शिल्लक टिकलीची. ती सज्ञान होईपर्यंत सुनेने सांभाळावे. मुलाने इथे राहावे, जेवावे. वर्ग भरवू नये.

५. वकील म्हणाले की मृत्युपत्राने कोणाला औषध पाजता येत नाही. ते खरे आहे. शिवाय हा कागद माझ्या मागे उघडणार, आणि टिकलीला तोवर थांबता येणार नाही. म्हणून याची प्रत मुलाला आजच देत आहे. त्याने भरल्या वर्गात आपला पंप खिशातून काढून सर्वांसमोर घेतला, तर कलम चार मी फाडीन आणि नवीन लिहीन. मी पहिल्या रांगेत बसेन. तो तसे करील, असे मला वाटत नाही.

६. तूर्त सून टिकलीला शाळेआधी माझ्याकडे आणते. डॉक्टरांनी तिला तपासून पंप पुन्हा सुरू केला आहे. सून दाराकडे तोंड करून उभी राहते. म्हणते, "आई, तुम्ही द्या. मी काही पाहिलं नाही." ती नवऱ्याला घाबरते. मी तिला दोष देत नाही. पण पालनकर्ती म्हणून तिची संमती इथे लागेल, ती तिने वाचून, विचार करून द्यावी.

(सही) मृत्युपत्र करणारी
स्थळ : राहते घर, पुढची खोली
दिनांक : शाळा सुरू झाल्यानंतरचा पहिला सोमवार

आम्हा दोघांच्या देखत यांनी वाचून सही केली. मध्ये एकदा पाणी मागितले.
(सही) साक्षीदार, मुलांचे डॉक्टर
(सही) साक्षीदार, वरच्या मजल्यावरची शेजारीण

पालनकर्तीची संमती, तिच्याच अक्षरात :
वाचले. मान्य आहे. उद्यापासून टिकलीला इथे आणणार नाही. पंप आमच्या घरी मीच देईन, टिकलीचे बाबा चहा पीत असतील तेव्हा, त्यांच्यासमोर. तसे त्यांना काल सांगितले आहे.
(सही) सून