फरशीतला लव्हाळा

मुरुम, १२ जुलै २०२४

ती. स्व. नागूअक्कास,
वीरप्पाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत न्हाय, म्हणून लिहितो. अंगणातल्या शहाबादी फरशीच्या सांध्यांत लव्हाळा लई माजलाय. तुझी भावजय बानू लेकरांची नावं विसरली, पण सकाळी उठली की खुरपं घेऊन तिथंच बसते. एवढं काढते, मग भाकरी टाकते, म्हणते. चूल तिनं दोन वर्षांत पेटवली न्हाय. परवा ओल्या फरशीवरून घसरली, मनगट सुजलं. तू शेती केलेली बाई. हा कायमचा जाईल असं कायतरी सांग.

मायेत ठेव.
तुझा वीरप्पा

लोहारा, १९ जुलै २०२४

चि. वीरप्पास अनेक आशीर्वाद.

खुरपायचं नाव काढलं की पोट धरून बसणारा तू, आता लव्हाळ्याचं विचारतोस! नुसता उपटून तो मरत न्हाय. गाठी खाली राहतात. फरशी उचल, वीतभर माती उकर, गाठी वेचून जाळ, मग सांधे सिमेंटनं भर. औषध मारू नको, बानूचे हात सारखे तिथंच असतात. मनगटाला हळदीचा लेप लाव. आणि तू वेळेवर जेवतोस का?

म्हातारीची आठवण असू दे.
नागूअक्का

मुरुम, २२ सप्टेंबर २०२४

ती. स्व. अक्कास सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं बिरू गवंड्याला धरून पाच दिवसांत सगळं केलं. दुसऱ्या दिवशी बानू खुरपं घेऊन आली आणि सिमेंटवरून बोट फिरवत दुपारपर्यंत बसली. त्यानंतर तिनं अंथरूण सोडलंच न्हाय. भरवलं तर दोन घास. डॉक्टर म्हणाले, आजारच पुढं सरकलाय, तुमचा दोष न्हाय. माझं मन ऐकेना. छिन्नीनं सिमेंट फोडलं, शेजारच्या महांतप्पाच्या बांधावरचा लव्हाळा गाठींसकट आणून लावला, रोज पाणी घातलं. महांतप्पाला वाटलं, आता मीबी खुळा झालो.

काल तिला उचलून तिथं बसवलं, खुरपं हातात दिलं. तिनं ते बाजूला ठेवलं. गवताकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि पदर सावरून परक्या माणसाला विचारावं तसं विचारलं, की तुमच्या घरात खुरपणारं कुणी बाईमाणूस न्हाय का.

हाय की, म्हणालो.

अक्का, तुझ्यावर राग न्हाय. उत्तर लिहू नको, जीप धरून ये.

तुझा वीरप्पा