तिघींचे दोन-दोन आकडे

नवीन जालना,
दि. ३ फेब्रुवारी २००९

ती. केशरआत्यास,
सत्यशीलाचा सविनय जयभीम, वि. वि.

तुझं पत्र मिळालं. साक्षरता वर्गात लिहायला शिकलीस आणि आता फोनचं नावच घेत नाहीस! लिही बाई, मलाही टपालाची वाट बघायला आवडतं.

बचत गटाचे चौऱ्याऐंशी हजार माझ्या खात्यात बराबर आलेत. गटाचं खातं मोबाईलवर चालत नाही म्हणून माझ्या खात्यात घेतले, पण तुमच्या पेटीला जशा तिघींकडे तीन किल्ल्या, तसाच माझ्या फोनवरून पैसे पाठवायच्या गुप्त नंबरालाही तिघींचा पहारा. त्या रविवारी गावी आले तेव्हा दोन आकडे तू दाबलेस, दोन गोजरकाकूनं, दोन मी. तू तर फोनवर पदर झाकून दाबलेस, मला हसू आवरेना! सहाही आकडे एकीलाही माहीत नाहीत. वीस तारखेला गटाची पिठाची गिरणी घ्यायला तुम्ही या, गिरणीवाल्याच्या दुकानात आपापले आकडे दाबा, की पैसे पोचले. कमरेला नोटा बांधून बसमध्ये बसायची झंझट नको.

काल बँकेतून एका मुलाचा फोन आला होता, सगळं नीट चाललंय का विचारायला. फार अदबीनं बोलला. आपली तिघींची युक्ती सांगितली तर खूश झाला. तुमची नावं विचारली. गावातला नंबर म्हणून मी पुंजारामभाऊंच्या किराणा दुकानाचा दिला.

तब्येतीला जप. माया आहेच, ती पत्रातूनही येऊ दे.

तुझी,
सत्यशीला

जांब समर्थ, ता. घनसावंगी,
दि. ८ फेब्रुवारी २००९

चि. सत्यशीलास केशरआत्याचा जयभीम आन् पोटभर आशीर्वाद.

पत्र वाचलं आन् जिवाला घोर लागला बघ. त्या पोराला आमची नावं कशाला सांगितली गं? पेटीच्या किल्ल्या कोणापाशी हायेत ते आम्ही घरच्या माणसालाबी सांगत न्हाई. तुझ्याकडं स्थळ आलं की त्या पोराला शंभर सवाल इचारती, आन् फोनवर कोण बोलून राह्यलं ते एकदाबी इचारलं न्हाई!

सहा वर्सं बाया दर महिन्याला पैसे भरून राह्यल्या. बेबीनंदानं कापूस वेचून भरले, चांगुणाबाईनं शेळी इकून. गिरणी आली की डोक्यावर दळण घेऊन दुसऱ्या गावाला जायचं बंद होईल, एवढ्यावरच समद्या जणी बसल्यात. पैसे तुझ्या खात्यात ठेवायचं मीच रेटून बोलल्ते. कमीजास्त झालं तर बारा घरांपुढं मला तोंड दाखवता येणार न्हाई. मला लई भ्या वाटून राह्यलं.

तुझे आकडे कोणाला सांगू नको. खर्चा-पाण्याला काही लागलं तर कळव. लोभ पातळ होऊ देऊ नको.

तुझी आत्या,
केशरबाई

नवीन जालना,
दि. १४ फेब्रुवारी २००९

ती. केशरआत्यास,
सविनय जयभीम, वि. वि.

स्थळावरून मारलेला टोमणा पोचला. पण आत्या, तू उगीच भितेस. आमच्या बियाणे कंपनीतल्या सगळ्या पोरींचा पगार फोनवरच कळतो. कुणाचं काही बिघडलं नाही.

परवा सकाळी त्या मुलाचा पुन्हा फोन आला. बँकेत नवीन मशीन आलंय, खातं त्यावर चढवलं नाही तर वीस तारखेला पैसे अडकतील म्हणाला. माझे दोनच आकडे मागितले. तुमचे मला माहीत नाहीत म्हटलं, तर म्हणाला, नकोतच, ते कुणालाच सांगू नका. आता मला सांग, चोर असता तर असं बोलला असता का? म्हणून दिले. दोन आकड्यांनी काय होतंय? बाकीचे चार तुमच्यापाशी आहेत, आणि तुमच्याकडून ते काढणं म्हणजे दगडातून पाणी काढणं!

एकच आहे, काल दुपारपासून माझा फोन बंद पडल्यासारखा झालाय. रेंज नाही, मेसेज नाही, नुसतं सिम बंद असल्याचं दिसतं. सोमवारी दुकानात दाखवते. तू काळजी करू नकोस.

गोजरकाकूला जयभीम सांग. रागावलीस तरी पत्र धाडत राहा.

तुझी,
सत्यशीला

जांब समर्थ,
दि. १४ फेब्रुवारी २००९

चि. सत्यशीलास केशरआत्याचा जयभीम आन् आशीर्वाद.

मागच्या पत्रात तुला लई बोलले. मनाला लावून घेऊ नको. त्या पोराबद्दल मी वंगाळ बोलले त्याचं मलाच वाईट वाटून राह्यलं.

गुरुवारी दुपारी त्याचा पुंजारामच्या दुकानात फोन आल्ता. मला मावशी म्हणून बोलला. नवीन मशिनीचं काम हाय म्हणे. मी म्हणलं, बाबा, मी नंबर सांगणार न्हाई. तर म्हणतो कसा, मावशी, बराबर हाय तुमचं, पुरा नंबर बँकेच्या सायबालाबी सांगू नका, फकस्त तुमचे दोन बोला. मंग माझा जीव भांड्यात पडला. मी माझे दोन सांगितले. गोजराला मी बाजूला उभी ठेवल्ती, माझे तिला ऐकू दिले न्हाईत. मंग तिनं तिचे सांगितले, तव्हा मी बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आपला नेम मोडला न्हाई.

तरी मी बिलकुल बेसावध न्हवते. सत्यशीलाचे आकडे घेतले का, असं मी त्याला दोनदा इचारलं. न्हाई म्हणला, घेणार बी न्हाई. मंग मला काळजी उरली न्हाई. तुझ्या दोनाबिगर त्याला एक रुपयाबी हलवता यायचा न्हाई, हे मी समद्या बायांना बसवून सांगितलं. चांगुणाबाई तर रडली, म्हणली, पोरगी शिकली ते आपल्या कामाला आलं.

आता शुक्रवारी आम्ही दोघीच न्हाई, बारा जणी येऊन राह्यलो. गिरणी सोबतच आणायची म्हणून टेम्पोबी सांगितलाय. तू तेवढी दुकानात वाट बघ. आन् पोरी, त्यानं कितीबी गोड बोलून मागितले तरी तुझे दोन आकडे त्याला देऊ नको. समदं आता तुझ्या हातात हाय.

तुझ्यावर जीव टाकणारी,
केशरआत्या