राणीच्या काचेवरचं कुंकू

दसरा, संध्याकाळ. पंचवटी.

अप्पांना, माझ्या वडिलांना, जाऊन वर्ष झालं नाही, म्हणून सण नव्हताच. पण फोटो तरी पुसू, म्हणाली आई.

पणजोबांना त्यांच्या साहेबाने दिलेला तो राणीचा फोटोही त्यात आला. नवरा गेलेली विलायतेची राणी. काळे कपडे, मान खाली, आणि तळाशी तिची स्वतःची सही. दर दसऱ्याला अप्पा भिंतीवरच्या सवाष्ण गेलेल्या बायकांच्या फोटोंना कुंकू लावायचे. राणीला नुसतं फूल. "विधवा आहे ती," म्हणायचे. परक्या राणीलाही आपल्या घरचा नियम. आम्ही हसायचो. आईसुद्धा.

आज आईने काच पुसली आणि सहीवरून बोट फिरवलं. "हिचा हात नाही गं थरथरला सही करताना." अप्पांच्या पेन्शनच्या कागदांवर आईची सही वेडीवाकडी आली होती, तेच आठवलं असणार.

मग तिने करंड्यात बोट बुडवलं आणि राणीच्या कपाळावर कुंकू लावलं. मला वाटलं, आता ते बोट तिच्या स्वतःच्या कपाळाकडे जाईल. मी वाट बघत होते.

आईने लाल बोटाकडे बघितलं.

"तिला कोण बोलणार आहे," म्हणाली, आणि मोरीत जाऊन साबणाने बोट धुऊन आली.