कसं वाजलं?

प्रिय अण्णा,

अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे आणि ओळींमध्ये जागा सोडते आहे, म्हणजे वाचताना तुमचं बोट घसरणार नाही. फोनवर सांगायचं तर आईला मध्ये घ्यावं लागतं. मग ती तुमच्या कानाशी ओरडणार, सगळी गल्ली ऐकणार, आणि तुमच्यापर्यंत मात्र तिला पटेल तेवढंच पोचणार. म्हणून पत्र. तुम्ही इकडे या, असा निरोप दिला तर परवा ती म्हणाली, "ते काही यायचे नाहीत. म्हणतात, शहरात जाऊन करू काय? माणसं बोलणार आणि मी नंदीबैलासारखी मान हलवत बसणार." तुमचं हे उत्तर मी नीट चाळून पाहिलं. माझं नाव तुम्हीच 'चाळणी' ठेवलंत, तेव्हा तक्रार करू नका. त्यात बरेच खडे निघाले. ते आधी सांगते. तुम्ही का यायला हवं ते शेवटी सांगणार आहे. तुम्ही वर्तमानपत्रसुद्धा मागच्या पानापासून वाचता, म्हणून बजावते, शेवट आधी वाचू नका.

आपण दोघं या शहरात आलो होतो ते आठवतं ना? मी नववीत होते. आपल्या घरात नववीपर्यंत पोचलेली मी पहिलीच, त्यामुळे माझ्या प्रत्येक परीक्षेला सगळं घर माझ्याबरोबर पहाटे उठून बसायचं. एका संध्याकाळी तुम्ही जेवता जेवता जाहीर केलंत, "पोरीला शहर दाखवून आणतो." आई बघतच राहिली. अंगात ताप असताना फाउंड्रीत ओतकामाला जाणारा माणूस सहलीसाठी रजा टाकतो, हे तिच्या पचनी पडेना. मी तर किती दिवस आधीपासून मनात घोकत होते की काय काय बघायचं: सरकते जिने, नदीवरचा मोठा पूल, आणि ते वाचनालय, जिथे म्हणे पुस्तकं काढायला शिडी लागते. आपण तुमच्या फाउंड्रीचा माल वाहणाऱ्या ट्रक ड्रायव्हरकाकांच्या खोलीवर उतरलो. खाली टायरचं दुकान, वर खोली, आणि उशीला रबराचा वास. सकाळी उठून मी वेणी घालून तयार, आणि तुम्ही ड्रायव्हरकाकांना हळूच विचारत होता की गेल्या खेपेचा माल कोणत्या रस्त्यावर उतरवला.

मी वर बघत होते आणि तुम्ही खाली, हे मला बऱ्याच वेळानं कळलं. इमारतींचे मजले मोजताना मी दोनदा तुमच्यावर आदळले, कारण तुम्ही मध्येच थांबायचात. रस्त्यात गटाराचं लोखंडी झाकण आलं की तुम्ही वाकायचात आणि चष्मा कपाळावर सरकवून कडेला काहीतरी शोधायचात. मग बुटाच्या टाचेनं ठोका द्यायचात, लगेच हाताचा पंजा झाकणावर सपाट ठेवायचात आणि मला विचारायचात, "कसं वाजलं?" पहिल्यांदा मी म्हटलं, झाकणासारखं वाजलं. तुम्ही हसला नाहीत. मग मला शिकवलंत की चांगलं ओतलेलं लोखंड खणखणीत वाजतं आणि आवाज थोडा रेंगाळतो. आत चीर असली की बद्द वाजतं, तडकलेल्या मडक्यासारखं, आणि तिथल्या तिथे मरतं. कडेची नखाएवढी चंद्रकोरही तेव्हाच दाखवलीत. साच्यातल्या ओल्या वाळूत प्रत्येक मोल्डर आपली खूण दाबतो, माल खराब निघाला तर कोणाचा ते फोरमनला कळावं म्हणून. तुमची खूण म्हणजे तुमच्याच अंगठ्याचं नख. शहराच्या रस्त्यावर, गाड्यांच्या चाकांखाली माझ्या बापाचं नख आहे, हे मला पुलापेक्षा आणि वाचनालयापेक्षा भारी वाटलं. मी लगेच नेमणूक झाल्यासारखी कामाला लागले.

लोक बघत होते. ट्रॅफिक हवालदारानं आपल्याला दोनदा फुटपाथवर हाकललं. कोपऱ्यावरच्या छत्रीवाल्यानं, तो छत्र्या दुरुस्त करत बसायचा तो, तुम्हाला विचारलं की काय हरवलंय. तुम्ही म्हणालात, "हरवलं नाही. सापडू नये असं काहीतरी शोधतोय." तो म्हणाला, मग घरीच बसायचं, तिथं नक्कीच सापडलं नसतं. तुम्ही दोघं खूप हसलात. पुढचंच झाकण त्याच्या दुकानासमोरचं होतं. चंद्रकोर होती. तुम्ही टाच मारलीत, पंजा ठेवलात, माझ्याकडे बघितलंत. मी म्हटलं, बद्द. तुम्ही म्हणालात, नीट ऐक. परत ठोकलंत. मी डोळे मिटून ऐकलं आणि परत म्हटलं, "बद्द, अण्णा. एकदम बद्द." आणि तुम्ही हसलात. छत्रीवाल्याबरोबर हसलात तसं नाही. खांद्यावरून ओझं उतरल्यासारखं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ते हसू मला तेव्हा कळलं नाही. स्वतःचंच झाकण नासकं निघालं, त्यावरून भरलेली गाडी गेली तर कोणी आत पडेल, आणि हा माणूस हसतोय?

पुढचं सगळं हसू पुसणारं होतं. पालिकेच्या कचेरीत तुम्ही मला अर्ज लिहायला लावलात, कारण लिहिणारी मीच. तिथला कारकून वाचून चक्रावला. आजवर त्याच्याकडे दुसऱ्यांच्या कामाच्या तक्रारी येत होत्या. हा पहिलाच माणूस स्वतःच्या कामाची तक्रार घेऊन आला होता. त्यानं शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल अशा बेतानं विचारलं, "तुम्हीच केलं, तुम्हीच म्हणता वाईट, मग आम्ही काय करायचं?" तुम्ही म्हणालात, "बदला." बस. पण त्यानं बदलायचं वचन काही दिलं नाही. परत येऊन आपण एक मोडकं खोकं त्या झाकणावर ठेवलं आणि छत्रीवाल्यानं शब्द दिला की तो तिथे बसतो तोवर खोकं हलू देणार नाही. परतीच्या गाडीआधी जेमतेम वेळ उरला, त्यात तुम्ही मला सरकते जिने दाखवलेत. त्यांच्या पायरीवरही तुम्ही सवयीनं टाच मारलीत आणि मागच्या बाई दचकल्या.

ते झाकण बदललं की नाही, हे आपल्याला कधी कळलं नाही. तुम्ही प्रत्येक ड्रायव्हरला विचारायचात आणि प्रत्येकजण 'बघतो' म्हणायचा. मी मात्र वेगळ्याच प्रश्नावर अडकले होते: तुम्ही का हसलात? अभ्यास करताना, हॉस्टेलच्या रांगेत, नोकरीच्या मुलाखतीला बाहेर बसलेली असताना तो प्रश्न मधूनच टाच मारायचा. आता त्याच पालिकेच्या ड्रेनेज खात्यात मी कनिष्ठ अभियंता आहे. एवढी खाती असताना मी हेच का निवडलं, असं सगळे विचारतात. मी म्हणते, जागा रिकामी होती. उत्तर खरं आहे, पण पुरतं नाही.

तुम्ही का हसलात, याचं उत्तर आईनं दिलं, तेही बोलता बोलता. ती म्हणाली की तुम्हाला ऐकायला कमी येतं ते आजकालचं नाही. मी नववीत होते तेव्हाच फोरमन तुम्हाला चिडवायचा. एकदा तुम्ही एक झाकण बाजूला काढलंत, म्हणालात बद्द वाजतंय, आणि त्यानं सगळ्यांसमोर ते परत ट्रकवर चढवलं. म्हणाला, "लोखंड ठीक आहे, तुझेच कान फुटलेत." एवढं सांगून आई भाजीच्या भावाकडे वळली आणि मी आपली ती सगळी फेरी पुन्हा चाळायला लागले. म्हणजे तुम्ही मला शहर दाखवायला आणलंच नव्हतं. तुम्हाला कान हवे होते. झाकण वाईट की आपले कान वाईट, हे तुम्हाला कोणा माहितीतल्या माणसाला विचारता येत नव्हतं, कारण ज्याचे कान गेले तो मोल्डर साच्यावर टिकत नाही. घरात खात्रीचे, गप्प बसणारे कान एकच होते, आणि त्या कानांना सरकत्या जिन्यांचं आमिष पुरत होतं. मी बद्द म्हटलं तेव्हा तुमचं झाकण वाईट ठरलं आणि तुम्ही चांगले ठरलात. म्हणून हसलात. बरोबर ना? चुकलं असेल तर कळवा. मी पुन्हा चाळेन.

आता बातमी. ते झाकण सापडलं. आमच्या खात्यात एक जोडारी आहे. पाइप, व्हॉल्व्ह, झाकणं बसवणारा. सगळे त्याला जोडारीच म्हणतात. एका दुपारी चेंबरचं काम खोळंबलं होतं तेव्हा मी त्याला आपली ती फेरी सांगितली. का सांगितली कोण जाणे. मी असल्या गोष्टी कोणाला सांगत नाही. तो हसला नाही. फक्त विचारलं, खूण कशी होती? मी नखानं मातीत काढून दाखवली. नंतर तो तो विषय विसरला असं मी धरून चालले. गेल्या आठवड्यात तो कचेरीच्या दारात उभा, पँटचे गुडघे गंजानं लाल, आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्या वडिलांचं झाकण भंगार यार्डात आहे. येऊन ऐका." रोज काम संपल्यावर तो तिथे ढिगारे उपसत होता म्हणे, कोणाला न सांगता. मी गेले. झाकण उलटं केलं, तर खालच्या बाजूला एक चीर आधाराच्या दोन फासळ्या ओलांडून गेलेली. वरून दिसूच नये अशी. चंद्रकोर शाबूत. त्यानं ठोकलं, मी ऐकलं. तेच बद्द. तुमचा स्वभाव मला लागलाय, म्हणून मी त्या रस्त्यावरची तुमची बाकीची झाकणंही तपासली. सगळी जागेवर आहेत आणि खणखणीत आहेत. तेवढं एकच कोणीतरी काढलं होतं. अर्जामुळे की छत्रीवाल्याच्या खोक्यामुळे, ते कळायला मार्ग नाही. पण कोणी आत पडायच्या आधी निघालं, एवढं नक्की. अण्णा, तुमचे कान बरोबर होते.

आणि आता शेवट. जोडारीनं मला लग्नाचं विचारलंय. तिथेच यार्डात नाही, घाबरू नका. दोन दिवसांनी, नीट, चहाच्या दुकानात. मी थांब म्हटलंय. तो माझ्यापेक्षा कमी शिकलेला आहे आणि खात्यात माझ्या हाताखाली आहे. लोक म्हणतील, एवढं शिकून काय केलं. आई तर आधी तेच म्हणेल, आणि तिला काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा. मी त्याला सगळ्या बाजूंनी ठोकून पाहिलंय आणि मला खणखणीत ऐकू येतंय. पण आपल्याच साच्यातला माल आपल्याला चांगला वाटतो, हे तुमचंच वाक्य. माझ्या कानांवर सध्या माझा विश्वास नाही. त्या वेळी तुम्हाला माझे कान लागले, आता मला तुमचा पंजा लागतोय. ऐकू येत नाही म्हणून काय झालं? त्या दिवशीही लोखंडाची थरथर ओळखायला तुम्ही हात ठेवला होतात आणि कान मी दिले होते. तेव्हा या, त्याच्यासमोर बसा, हवं तर टाच मारा, त्याला मी सांगून ठेवलंय. बद्द म्हणालात तर मी ऐकेन की नाही, हे खोटं बोलायला नको म्हणून आत्ता सांगत नाही. पण तुम्ही हात ठेवल्याशिवाय मी त्याला हो म्हणणार नाही. शनिवारी ड्रायव्हरकाका माल घेऊन निघतायत. पुढची सीट तुमच्यासाठी मोकळी ठेवायला सांगितली आहे.

वाट बघणारी तुमचीच,
चाळणी