क्रोटन आणि बाबांची मिशी

२ मार्च
आजपासून रोज लिहिणार. क्रोटन कुंडीत लावला. घरून निघताना बाबांनी अंगणातल्या झाडाची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून दिली होती. दोन महिने बरणीत होती, आता मुळं फुटलीत. पानं सात. अरुंद, लाल-पिवळी. बाबा म्हणाले होते, एका जागी ठेव, हलवलंस की रुसतं. मग आईला म्हणाले, याच्या हातून जगलं तर मी मिशी काढीन. बघूच. डेरेदार झाड घेऊनच घरी जाणार. वस्तराही नेणार.

९ मार्च
खिडकीत ऊन कमी. गॅलरीत ठेवला. याला हलवणं म्हणत नाहीत, सोय बघणं म्हणतात. मीही दोन वर्षांत चार नोकऱ्या बदलल्या, काय बिघडलं?

१५ मार्च
दोन पानं गळाली. जुनी असणार.
आईचा फोन. बाबांना धाप लागते, येऊन जा म्हणाली. मी म्हटलं, सुपरवायझर सोडत नाही. (विचारलेलं नाही. विचारणार आहे.) मागून बाबांनी विचारलं, पानं किती? अकरा म्हटलं. येतीलच की.

२१ मार्च
गॅलरीत वारा फार. गच्चीवर नेला. तिथे ऊन फार. बाथरूममध्ये आणला. माझा रूम पार्टनर लांब्या म्हणतो, आता अंघोळही याच्या देखत करायची का? अडाणी आहे. पानं तीन.

२६ मार्च
उपाय सापडला! क्रोटनला दमट हवा लागते. आमच्या लाँड्रीत हॉटेलांच्या चादरी येतात, दिवसभर वाफच वाफ. कुंडी इस्त्रीच्या मोठ्या प्रेसच्या मागे लपवली. सातवीत शाळा सोडली म्हणून काय झालं, डोकं लागतं.

२७ मार्च
पानं शिजली. अक्षरशः. एक उरलंय. सुपरवायझर म्हणाला, हे आधी घरी घेऊन जा. तेव्हाच म्हणायला हवं होतं, साहेब, मलाही घरी जायचंय. शब्द ओठांवर आले होते. मग त्याला कोणीतरी हाक मारली.

४ एप्रिल
बाबांना दवाखान्यात ठेवलंय. आज स्वतः बोलले. दोन शब्द, मग दम. पानं? एकोणीस म्हटलं. हसले की खोकले, कळलं नाही. फोटो पाठव म्हणाले. पंचाईत. चादरी पोचवायला गेलो होतो त्या हॉटेलच्या दारातल्या क्रोटनचा काढला आणि पाठवला. त्याची पानं रुंद आहेत, आपली अरुंद. पण बाबांना चष्म्याशिवाय कुठे दिसतंय.
ठरलं. नवं पान फुटलं की त्याच दिवशी रजा मागायची. काडी घेऊन कोणत्या तोंडाने जाऊ?

११ एप्रिल
शेवटचं पान गेलं. आई म्हणाली, डॉक्टर म्हणतात घरच्यांना बोलवून घ्या. उद्याच विचारतो. उद्या रविवार. सोमवारी नक्की.

१३ एप्रिल
विचारलं. मान वरही न करता म्हणाला, जा की, पंधरा दिवस लिही फॉर्मवर. एवढंच होतं. महिनाभर मनात त्याच्याशी भांडत होतो.
लांब्याला म्हटलं, बाथरूमच्या खिडकीतल्या काडीला पाणी घाल.

१४ एप्रिल
गाडीत. सकाळी दहाला फोन आला. बाबा गेले. अजून निम्मी वाट बाकी आहे. समोरच्या बाईंनी विचारलं, सुट्टीला चाललात का? हो म्हटलं.

१९ एप्रिल, घरी
अंगणातला क्रोटन माझ्या खांद्याएवढा झालाय. मी जन्मायच्या आधीपासून त्याच कोपऱ्यात आहे. आज पाणी मीच घातलं. आई पायरीवर बसून सांगत होती. फोटो आला तेव्हा बाबांनी चष्मा मागून घेतला. बराच वेळ बघितला. म्हणाले, झाड दुसऱ्याचं आहे, पण पोराला काही बोलू नकोस, येईल मग. शेवटच्या दिवशी नाकातल्या नळीची पट्टी चिकटेना, म्हणून नर्सने मिशी काढली. तर तिला म्हणाले, घ्या, जिंकला पोरगा.
मी पाणी घालतच राहिलो. आई म्हणाली, पुरे रे, मुळं कुजतील.

२८ एप्रिल
खोलीवर परत. कुंडी बाथरूमच्या खिडकीत, ठेवली होती तिथेच. काडीला दोन पानं फुटलीत. बोटाच्या पेराएवढी, अरुंद. लांब्याला विचारलं, काय केलंस? म्हणाला, काय करणार, पाणी घातलं, हलवायला वेळ कुणाला आहे?
घरी फोन लावला. म्हटलं, आई, दोन पानं आलीत. खरी, मोजून. ती म्हणाली, थांब हं, आणि आतल्या खोलीत हाक मारतात तशी म्हणाली, अहो, ऐकलंत का.