हवा आत ओढायची असते

दि. ३ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर दोन शब्दांतच दम लागतो, म्हणून लिहितोय. सिस्टर याचा फोटो काढून तुला पाठवतील. इथे कोविड वॉर्डात सगळ्यांचे चेहरे झाकलेले. पण उशी सरळ करणारे हात आता ओळखीचे झालेत. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

श्वासाच्या व्यायामाला एक खेळणं दिलंय. एक नळी आणि तीन गोळे. सिस्टर समजावू लागल्या, तर मी ऐटीत हातानेच थांबवलं. उभा जन्म बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणाऱ्याला कसली शिकवणी? पण ताई, जीव खाऊन फुंकतो तरी एक गोळा हलत नाही. शेजारच्या आजोबांचे दोन वर जातात. माझा भाता संपला गं. क्लॅरिनेट भाचीला दे. तुम्ही मला खूप दिलंत, तक्रार कसलीच नाही.

लोभ होता तसाच राहू दे.
तुझा धाकटा

दि. ४ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून डोळ्यांना रुमाल लावून बसले. तुझ्या दाजींनी चहा आणून ठेवला. मग पुन्हा वाचलं आणि रडणं पळालं. अरे शहाण्या, फुंकतोस काय? माझ्या ऑपरेशननंतर मलाही तेच दिलं होतं. नळी तोंडात धरून हवा आत ओढायची असते. तू बाहेर सोडतोस, मग गोळे हलतील कशाला?

भाचीला क्लॅरिनेट मिळणार नाही. तिच्या गोंगाटामुळे शेजारी आधीच आमच्यावर खार खाऊन आहेत. आता नीट ओढून बघ आणि कळव. मला फार भीती वाटतेय रे.

जिवाला जप, एवढंच मागणं.
तुझी ताई

दि. ९ जून

ती. ताईस,
सा. न.

पत्र मिळताच ओढलं. आधी खोकल्याने बेजार झालो. संध्याकाळी एक गोळा थरथरत उचलला गेला आणि वर टेकला. सिस्टरना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा दिसेना, पण खांदे हसताना दिसले. आज दुसराही गोळा वर गेला. ऑक्सिजन कमी केलाय. धोका टळला, असं डॉक्टर म्हणाले. तू ओरडली नसतीस तर मी फुंकतच राहिलो असतो.

वाजवायला बरेच महिने लागतील म्हणे. लागू देत. आजवर श्वास घेतला तो पुढच्या सुरासाठी. आता खिडकीशी बसतो, नुसता श्वास घेतो, आणि घेतच राहावंसं वाटतं.

माया अशीच असू दे.
तुझा धाकटा